मोहिते सुभेदारांचा युरोप

मोहिते सुभेदारांना आयर्लंडमध्ये मत नाही. तरी ते दारोदार मत मागत फिरतात. तेही कुठल्या उमेदवारासाठी नाही. त्यांचं मागणं एवढंच, की युरोपातल्या सगळ्या देशांनी परराष्ट्र धोरण एक करावं, फौज एका हुकुमाखाली आणावी, आणि अडचणीच्या वेळी कुणाला विचारायचं तो फोन एकच असावा. "फोन एक!" असं म्हणताना ते एक बोट वर करतात आणि समोरच्याकडे असं बघतात, की आत्ता ह्या क्षणी त्यानं तो फोन बसवून द्यावा.

सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत वायरलेसवर होते. मुलगा नितीन इथं कॉम्प्युटर कंपनीत, माझ्या मुलाच्या, श्रीकांतच्याच ऑफिसात. राजधानीच्या कडेला, ब्लँचर्डस्टाउनला, आमच्या रांगेत तिसरं घर त्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पाऊस असो की नसो, सकाळी आठला बुटाला पॉलिश, गळ्यात मरून मफलर, आणि हातात बासमती तांदळाची रिकामी पिशवी. त्या पिशवीत युरोपचा नकाशा. बस थांब्यावर कुणी दोन मिनिटं उभं राहिलं की नकाशा उघडलाच.

बोलण्यात दोन शब्द ठरलेले. एक "मुद्दा ध्यानात घ्या" आणि दुसरा "ग्रँड". इथली माणसं बरं-छान म्हणायला उठसूट ग्रँड म्हणतात. चहा कसा झालाय? ग्रँड. गुडघा कसा आहे? ग्रँड. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्यानं इथं येऊन एवढंच इंग्रजी उचललं.

त्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला तो गणपतीच्या जेवणात. आम्ही अकरा घरांनी मिळून एक हॉल घेतला होता. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा, एवढंच ठरलं होतं. इथलं दही फार छान असतं. फडक्यात टांगलं की झालं, कष्ट काही नाहीत. त्यामुळे टेबलावर झाकणं उघडली तेव्हा अकरा डबे श्रीखंड निघालं. वेलचीचं, केशराचं, आंब्याचं. पोळी एकीनंही आणली नव्हती. पुऱ्याही नाहीत. भात नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, पोरं बोटं घालून श्रीखंड चाटायला लागली, आणि सुभेदार खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"हाच युरोप!" ते म्हणाले. "मुद्दा ध्यानात घ्या. ज्याच्या त्याच्याकडं रणगाडे. ज्याच्या त्याच्याकडं जनरल. पण शेजारी आग लागली तर तो रणगाडा उचलून न्यायला विमान कुणाकडं हाय? कुणाकडंच नाही. श्रीखंड हाय, पोळी नाही. अजून चार घरं असती तर पंधरा डबे झाले असते. पंधरा देशांचा अख्खा युरोप!"

"बाबा, बसा," नितीन म्हणाला.

"बसतो. आधी पाव आणायला कोण जातंय ते सांगा. अकरा जण अकरा मोटारी काढू नका."

त्या दिवशी आम्ही पावाला श्रीखंड लावून खाल्लं. पण सुभेदार थांबतात कुठले! दसऱ्याच्या जेवणाआधी कुणी काय आणायचं ह्याची यादी करून त्यांनी घरोघरी दिली. बायका भडकल्या. जोशीवहिनी तर दारातच म्हणाल्या, "माझ्या घरात आमटी करायची की नाही, हे आता फौजेतून कळणार का?"

मी त्यांच्याकडे कढीपत्ता द्यायला गेले होते, म्हणून सुभेदारांचं उत्तर मला ऐकायला मिळालं. आवाज मुळीच न चढवता ते म्हणाले, "आमटी तुमचीच, वैनी. मीठ तुमचं, फोडणी तुमची, गूळ किती ते तुम्हीच ठरवा. फक्त काय करणार ते आदल्या दिवशी एका ठिकाणी कळवा. घर तुमच्याकडून कोण काढून घेतंय?"

दसऱ्याला सगळं जेवण ताटात वेळेवर आलं. जोशीवहिनींनी मुद्दाम यादीबाहेरची कोशिंबीर आणली, तीही संपली. तेव्हापासून माझं मत सुभेदारांच्या बाजूला झालं. अर्थात मलाही इथं मत नाही.

मत होतं ते मॉराबाईंना. आमच्या शेजारच्या घरातल्या. नवरा नाही, मुलगी दूर, एकट्याच राहतात. त्या शरद ऋतूत इथं युरोपातल्या देशांना आणखी जवळ आणणाऱ्या कराराचं मतदान होतं. त्याच करारावर आदल्या वर्षी लोकांनी नाही म्हटलं होतं, म्हणून सरकारनं पुन्हा विचारलं होतं. सुभेदार आमच्या रांगेतली दारं वाजवून आले. कुणी हसून हो म्हणालं, कुणी दार लावून घेतलं. मॉराबाईंनी मात्र दारात उभं राहून सांगितलं, "मी मागच्या खेपेला नाही म्हटलं, ह्याही खेपेला नाहीच म्हणणार." सुभेदारांनी तिथल्या तिथं ठरवलं, की एवढं एक मत आणायचंच. नितीन म्हणाला, "बाबा, आपण पाहुणे आहोत इथं. देशाचं बाकीचे बघतील." सुभेदार म्हणाले, "बाकीच्यांचं मला काय करायचंय? मला एक माणूस पटवता आला पाहिजे."

चार वेळा गेले. नकाशा घेऊन गेले. बारा देशांनी नाणं एक केलं ते नवं नाणं टेबलावर ठेवून, खिशात एक नाणं चालतं तर तोंडात एक शब्द का नको, असं विचारून आले. टीव्हीवर तेव्हा युद्धाच्याच गोष्टी चालल्या होत्या. एक देश म्हणे जाऊ, दुसरा म्हणे जाऊ नका, तिसरा गप्प. "बघा," सुभेदार म्हणायचे, "वेगवेगळे बोलतात म्हणून मोठे देश ह्यांचं ऐकत नाहीत." मॉराबाई चहा द्यायच्या, बिस्किटं द्यायच्या, मत द्यायच्या नाहीत.

फक्त बुधवारी ते आमच्या भागात फिरायचे नाहीत. बुधवारी त्यांची नावनची बस ठरलेली. नावन म्हणजे आमच्याकडून तासाभराच्या आतलं गाव. सकाळी जायचे, संध्याकाळी परत. आम्हाला वाटायचं, तिथंही प्रचार चालू असेल.

पाचव्या खेपेला ते आमच्या दाराशी आले. "वैनी, बेसनाचे लाडू असले तर घ्या आणि चला. बाईमाणूस बरोबर असलं तर ती नीट ऐकंल." मी लाडू घेतले. मला इथं येऊन चार वर्षं झाली होती. इंग्रजी समजायला लागलं होतं, तोंडातून फुटत नव्हतं, त्यामुळे ऐकण्याचं काम मला जमण्यासारखं होतं.

मॉराबाईंनी एक लाडू खाल्ला आणि म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही चांगले आहात. पण आमचा देश लहान. मोठ्यांच्या लढाईत आमची पोरं पूर्वी पुष्कळ गेली. माझ्या आजीचे दोन भाऊ गेले. आम्हाला कुणाच्या फौजेत जायचं नाही. शांतिसेनेची निळी टोपी घालून आमची पोरं परदेशी जातात, तेवढं पुरे."

सुभेदारांनी नकाशा काढला, उघडलाच नाही. पुन्हा पिशवीत ठेवला.

"मी पण निळी टोपी घातलेली," ते म्हणाले. "आफ्रिकेत. बावीस वर्षांचा होतो."

मग त्यांनी त्यांच्या तुटक इंग्रजीत सांगितलं. त्यांची चौकी एका पुलापाशी. सहा मैलांवर दुसरी चौकी, ती आयरिश. रोज सकाळी सहाला वायरलेसवर दोघांनी लाइन तपासायची. तिकडून रोज एकाच माणसाचा आवाज. हे विचारायचे, कसं काय? तो म्हणायचा, ग्रँड. ह्यांना शब्द कळेना. त्यानं समजावलं, म्हणजे सगळं ठीक आहे, दोस्त. वायरलेसवर नाव घ्यायचं नसतं. गाव मात्र एकदा सांगितलं त्यानं. नावन.

"एक दिवस सकाळी मी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, आज ग्रँड नाही. त्यांना चारी बाजूंनी घेरलं होतं. गोळ्यांचा आवाज मला ऐकू येत होता. आम्ही गाड्या तयार केल्या. पण ती फौज म्हणजे कितीतरी देशांची. प्रत्येकाचा साहेब आपल्या राजधानीला विचारणार. आमचा तिकडं विचारतो, त्यांचा तिसरीकडं, गाड्या ज्यांच्या ते चौथीकडं. तो मला दर अर्ध्या तासानं विचारायचा, निघालात का? मी म्हणायचो, निघतोय. दुपारी तीनला नुसती खरखर."

मॉराबाईंनी कप टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या दिवशी परवानगी आली. गेलो. चौकी रिकामी. चुलीवर किटली होती. मेले की धरून नेले, मी विचारलं. मला म्हणाले, ती त्यांच्या देशाची बाब आहे." सुभेदारांनी बोट वर केलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "तुम्ही म्हणता, फौज एक केली तर पोरं मरतील. बाई, पोरं तशीही पाठवता तुम्ही. पाठवायची तर सहा मैलांवरच्याला चोवीस तास लागू नयेत. एवढंच माझं म्हणणं. फोन एक."

परत येताना नितीन भेटला. मी त्याला विचारलं, "बाबा ग्रँड इथं येऊन शिकले ना रे?" तो हसला. "छे हो काकू. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून म्हणतात. माझ्या लग्नातसुद्धा भटजींना ग्रँड म्हणाले. मला इथली नोकरी लागली तेव्हा पगार किती विचारला नाही त्यांनी. पहिलं विचारलं, तिथनं नावन किती लांब?"

मतदान शनिवारी होतं, पलीकडच्या शाळेत. केंद्राशी प्रचार चालत नाही, हा नियम सुभेदारांना पक्का माहीत. म्हणून नकाशा घरी ठेवून, हात मोकळे, ते फाटकापासून चांगले लांब ताठ उभे राहिले. मी दुकानात निघाले होते, माझेही पाय तिथंच थांबले. मॉराबाई आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. सरळ त्यांच्यापाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्याशी खोटं बोलणार नाही. आजीच्या भावांना मला फसवता येईना. मी नाहीच म्हटलं."

सुभेदारांनी मफलर नीट केला. मग म्हणाले, "ग्रँड. पुढचं मतदान येईलच. मी आहे अजून."

"असाल की," मॉराबाई म्हणाल्या. "पण बुधवारी बसनं जाऊ नका. माझी गाडी आहे. माझी बहीण नावनला असते, तिला तिथले सगळे म्हातारे ठाऊक आहेत. एकट्यानं कुठवर शोधणार तुम्ही?"

नाही नाही म्हणता देशानं त्या खेपेला हो म्हटलं. सुभेदारांनी पेढे वाटले, पण त्यांचं एक मत राहिलं ते राहिलंच. अजून बोलून दाखवतात. बुधवारी मात्र बरोबर नऊला मॉराबाईंच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले, आणि मला म्हणाले, "वैनी, तुम्हीपण चला. कान जेवढे जास्त तेवढं बरं."

नावनला एका चहाच्या दुकानात त्यांची दारालगतची जागा ठरलेली आहे. दर बुधवारी तिथं बसून ते काय करतात, ते मला तेव्हा कळलं. वायरलेसवरच्या त्या माणसाचा चेहरा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज ते ऐकत बसतात. मॉराबाईंची बहीण आली, बसली. आम्ही चौघं गप्प चहा पीत होतो. दुकानात माणसं येत होती, एकमेकांना कसं काय विचारत होती. आणि इथं तर सगळेच ग्रँड म्हणतात. प्रत्येक वेळी सुभेदार मान वर करायचे. मॉराबाई त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. ते मान हलवायचे, हा नव्हे, आणि परत चहाच्या कपाकडे बघत कान देऊन बसायचे.