मॅक्सी आणि बंड्या

देवबागेपासून आचऱ्यापर्यंत आपल्यावर भुंकेल असं कुत्रं अजून जन्माला यायचंय, असं नर्मदाकाकू ठासून सांगायची. बांगड्याची डोकी टाकून टाकून तिने अर्ध्या तालुक्यातल्या कुत्र्यांना शेपूट हलवायला शिकवलं होतं. त्यामुळे शेजारच्या पार्वतीचा बंड्या तिच्या पोटरीला कडाडून चावला, तेव्हा दुखण्यापेक्षा अपमानच जास्त झाला.

चूक मॅक्सीची. नात योगिनीने ती कुडाळच्या बाजारातून आणली, फुलाफुलांची. जन्मभर लुगडं नेसलेली काकू ती घालून मिरवायला निघाली, ती अर्थातच गडग्यातून. दोन घरांमधल्या त्या चिऱ्यांच्या कुंपणात एक खिंड होती. दोघी नव्या नवऱ्या असताना त्यांनीच चिरे काढून ती पाडली होती, विस्तव आणायला रस्त्याने फेरा नको म्हणून. आधी करवंटीतून निखारे आले, मागाहून बाळंतपणातली पेज आली, रापणीच्या दिवशी मासळीचा वाटा आला. मुलं तर कोणाची कुठे जेवून झोपली, ते सकाळी कळायचं. बंड्याला मात्र ओळख होती ती लुगड्याची. फुलांचं एवढं मोठं गाठोडं खिंडीतून चालत येताना पाहून त्याने आपलं कर्तव्य केलं.

जखम साबणाने धुतली, सरकारी दवाखान्यात इंजेक्शन झालं. खरी टोचणी घरी होती. योगिनी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तिने सांगितलं, कुत्रा पाळणाऱ्याने हयगय केली तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मागता येते, आपण नोटीस देऊ. फक्त समोरचा वकील विचारणार, बाई परवानगीशिवाय दुसऱ्याच्या आवारात शिरल्याच कशा?

"परवानगी?" काकू उखडली. "ती खिंड आमची आसा. इचार तिका."

विचारायला कोणी गेलं नाही, पण काकूचा आवाज गडग्यापलीकडे गेला. पार्वतीचा मुलगा निकेत हबकला. आज भरपाई मागतायत, उद्या वहिवाटीचा हक्क सांगतील. संध्याकाळच्या आत त्याने खिंडीत करवंदीची काटेरी झुडपं कोंबली.

पोटरी भरून येत होती. पण "नर्मदे, चाय घेतलंस गो?" ही पार्वतीची सकाळची हाक बंद पडली, आणि काकूला चहाच कडू लागू लागला. त्याची भरपाई योगिनीच्या पुस्तकात कुठेच नव्हती.

शेवटी काकू लुगडं नेसली आणि लंगडत रस्त्याने फेरा घालून पार्वतीच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, जाऊन उभी राहिली. बंड्याने पायाशी लोळण घेतली. पार्वती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"नोटीस हाडलंस?"

"नाय. सुके बांगडे हाडलंय."

"आणि परवानगी?"

"बंड्याची घेतलंय."

पार्वतीच्या सुपातले तांदूळ हलायला लागले. हसू आवरेना, तेव्हा ती उठली आणि निकेत नको नको म्हणत असताना तिने स्वतःच्या हाताने काटे ओढून काढले. चहा झाला. मग कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, "ती मॅक्सी माका दी गो एक दिवस. वारो बरो लागता म्हणतत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून आधी बंड्या भुंकला, मग पार्वती किंचाळली. काकू खिंडीतून धावली. फुलाफुलांत पार्वती पोटरी धरून बसली होती.

आपल्याच कुत्र्याने आपल्यालाच चावल्यावर नोटीस कोणी कोणाला द्यायची, हे योगिनीच्या सरांनाही सांगता आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या मांडीला मांडी लावून बसल्या, एकीचं पहिलं इंजेक्शन, एकीचं पुढचं.

घरी आल्यावर मॅक्सी बंड्याला अंथरायला दिली. सगळ्या प्रकरणात भरपाई मिळाली ती एकट्या त्यालाच.