चारच्या गोळीचा खेळ

एक टॉर्च. सेल नवे, टॉर्च जुनी.

पाच किलोचा डबा. त्यावर दंड फुगवलेला पहिलवान.

तपकिरी रंगाच्या लोहाच्या गोळ्या.

पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारा काळा ठिपका.

दुपारचे चार.

"चौतीस वर्षांत माझा पडदा एकदाही पांढरा पडला नाही!" ऑपरेटर हे वाक्य भेटेल त्याला ऐकवायचे. दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात चिमटा असतानाही! थिएटर बंद होऊन सात वर्षं झाली होती, तरी सगळ्यांसाठी ते ऑपरेटरच. वरच्या खोलीत दोन प्रोजेक्टर. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्यावर ठिपका यायचा, त्याच क्षणी दुसरा सुरू करायचा. जमलं तर कुणाला पत्ता नाही. चुकलं तर आठशे लोकांच्या शिट्ट्या!

पार्किन्सन झाल्यावर गोळ्यांचंही त्यांनी तेच केलं. एकीचा असर उतरतोय तोवर दुसरी चढलीच पाहिजे. सात, दहा, एक, चार, पुन्हा सात. ठिपका आला, गोळी पोटात!

आणि आज पाचला खेळ होता. उद्या प्रोजेक्टर ट्रकमध्ये चढणार, म्हणून मालकाने जुन्या माणसांसाठी थिएटर एक संध्याकाळ उघडलं होतं. प्रोजेक्टरच्या चाकांमधून फिल्म ओवणार ऑपरेटर. शेवटची, आणि स्वतःच्या हाताने. महिनाभर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"आज ताकद हवी!" चार वाजता ते म्हणाले. मुलाने प्रोटीन पावडर पाठवली होती, शेजारणीने लोहाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

"अहो, हे सगळं एकदम?" बायकोने विचारलं. ती त्याच थिएटरात तिकिटाच्या खिडकीवर बसायची, म्हणून तिला सगळे खिडकीबाई म्हणत.

"अगं, पोट एकच ना? मग खेळही एकच!"

आत गेली चारची गोळी. तिच्यावर लोह. त्यावर तीन चमचे पावडर घातलेलं, सिमेंटसारखं घट्ट दूध!

पाच वाजता थिएटरात पंधरा माणसं माना वळवून दाराकडे बघत होती. ऑपरेटर दारात आले आणि तिथेच थांबले. पाय जमिनीला खिळ्यांनी ठोकल्यासारखे! पुढचं पाऊल काही उचलेना. चेहरा दगडी, हात थरथरता.

"गप्प बसा रे!" डोअरकीपर कुजबुजला. "ऑपरेटर गहिवरलेत!"

सगळे उभे राहिले. एक मिनिट झालं. दोन झाली. कुणीतरी नाक ओढलं.

"श्रद्धांजली आहे वाटतं. कोण गेलं?"

"कॅन्टीनवाला असेल. फार दिवसांत दिसला नाही."

"चांगला माणूस होता हो! चहा पाणचट द्यायचा, पण मनाने…"

"मी मागेच उभा आहे!" कॅन्टीनवाला ओरडला. "आणि पाणचट कुणाला म्हणतोस रे?"

"मग गेलं कोण?"

"कुणी गेलेलं नाही!" खिडकीबाई कडाडल्या. मग नवऱ्याच्या कानाशी हळूच, "पाय अडकले ना?"

"हूं."

"डोअरकीपर, यांच्या पायापुढे टॉर्च मारा. हां. अहो, त्या उजेडाच्या पट्ट्यावरून पलीकडे पाय टाका."

ऑपरेटरांनी पाय उचलला. पट्टा पुढे सरकला, दुसरा पाय उचलला. डोअरकीपरच्या तोंडून सवयीने निघालं, "मागून दुसरी रांग, कडेची खुर्ची!" यावर मात्र जो तो खरोखरच रडला.

मेडिकलचं दुकान चालवणारी भाची शेजारी येऊन बसली. "मामा, चारच्या गोळीबरोबर काय काय घेतलंत?"

ऑपरेटरांनी पुटपुटत यादी सांगितली.

"कमाल केलीत! लोहाने तुमची गोळी पोटातच धरून ठेवली आणि प्रोटीन तिच्यापुढे रांगेत घुसलं. ती आत पोचणार कशी? आणखी काही?"

"कवचबीजाची पावडर. पण तो डबा उद्या उघडणार होतो."

"मामा! तुमच्या गोळीत आहे तेच द्रव्य त्यात असतं. दोन्ही मिळून डोस किती झाला, कुणाला कळणार?"

"मग आत्ताच एक जास्तीची गोळी…"

"मुळीच नाही! सातची गोळी सातला, साध्या पाण्याबरोबर. लोह लागतं का ते डॉक्टर ठरवतील. लागलं तरी गोळीपासून निदान दोन तास लांब. उद्या सगळे डबे त्यांच्या टेबलावर ठेवायचे."

म्हणजे आधी दोन तासांचं मध्यंतर, मग सिनेमा! कॅन्टीनवाल्याने इरेला पेटून चहा केला. आठवणी निघाल्या. कुठल्या खुर्चीची स्प्रिंग टोचायची. दर बुधवारी एकटीच येऊन रडक्या प्रसंगाआधीच रुमाल काढणारी बाई. बाळ रडलं की ते कडेवर घेऊन जिन्यात फेऱ्या मारणारा डोअरकीपर. "सिनेमापेक्षा हेच बरं चाललंय," कुणीतरी म्हणालं, आणि ऑपरेटरांनी डोळे वटारले. म्हणजे चारची गोळी उशिरा का होईना थोडी पोचली होती, चेहरा हलायला लागला होता!

सातला गोळी. साडेसात उलटून गेल्यावर बोटं सुटली. वरच्या खोलीत ऑपरेटरांनी फिल्म चाकांमधून ओवायला घेतली. वर सैल वेढा, खाली सैल वेढा, मधे ताठ. हात जरा थरथरला. थांबला. पुन्हा पुढे गेला.

"मी धरू का, मामा?" भाचीने विचारलं.

"नको," दारातून खिडकीबाई म्हणाल्या. "त्यांना येतं."

खाली पडद्यावर चित्र हललं.

थिएटर बंद व्हायच्या आधी सहा महिने, ऑपरेटरांचा हात पहिल्यांदा थरथरू लागला तेव्हापासून, प्रत्येक खेळाची फिल्म खिडकीबाईंनी ओवली होती.