काकाजींच्या घोट्याची डाळ

इकडे ये, अशी जवळ बस. आणि आधी सांग, स्टँडपासून इथवर एवढ्याशा वाटेला रिक्षा काहून केली? पाय काय शोभेला दिलेत? आमचे गुलाबराव काकाजी असते तर दारातच अडवलं असतं तुला : "काम दे बाई पायाले, काम दे! आतल्या चुली इझून राहिल्या!"

काकाजी अमरावतीला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. साठ सालाच्या आसपासची गोष्ट; मी नवी सून. पहिल्याच सकाळी पाहते तर हे धोतर खोचून अंगणात फेऱ्या घालताहेत आणि उजव्या घोट्याला शेरभर तुरीच्या डाळीची पिशवी! तशीच बांधून बाजारातही जात, पाय ओढत ओढत. पोरं ओरडायची, "काकाजी, वरण सांडलं!" हे आपले खूश.

मला पकडून सांगायचे, "आईक सुमन. मांसाच्या धाग्यात बारीक दाणे असतात. चुलीच समज. त्याहीच्या भिंती चरबीच्या. तुपाचा हात फिरवल्यावानी पातळ. मांसाले काम दिलं का त्या भिंती वाढतात, त्यातली चरबी बदलते, चूल भडकते. बसवून ठेवलं का गेली!"

"हे कोण म्हणते, काकाजी?"

"कोणी नाई अजून. मी म्हणून राहिलो!"

सिद्ध करायला आठ कबुतरं आणली. चार रोज गच्चीवरून टॉवेल हलवून उडवायची, चार पिंजऱ्यात नुसती ज्वारी खात बसवायची. तीन महिन्यांनी दोन्हीकडची एकेक कॉलेजात न्यायची, छातीच्या मांसाच्या चकत्या काढायच्या, चरबीला चढणारा काळा रंग लावायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, कुणाचे दाणे जास्त काळे. (ती दोन परत आली नाहीत, म्हणून मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.)

एवढा खटाटोप कशासाठी, तर काकाजींच्या बायकोसाठी, अनुसयाकाकूंसाठी. मी यायच्या थोडं आधीच काकू मोर्शीला भावाच्या संत्र्याच्या बागेत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. अकोल्याला प्लास्टर कापलं तेव्हा पाय निघाला तुराटीसारखा. डॉक्टर म्हणाले आराम, काकाजी म्हणाले काम. मग रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, डाळीची पिशवी बांधून पाय उचलणाऱ्या काकूंचं रडवेलं "एक... दोन..."

आणि एक दिवस काकाजी कॉलेजातून आले ते मान खाली घालून. "सारखेच काळे निंगाले. उडवले काय अन् बसवले काय!"

दुसऱ्या दिवशी काकाजींचा घोटा मोकळा. गल्ली म्हणाली, चला, शहाणे झाले. पण भिंतीपलीकडचं "एक... दोन..." बंद पडलं होतं. आणि पाप माझं होतं! काकाजी कॉलेजात गेले की मी रोज दुपारी त्या बसलेल्या चौघांचा पिंजरा उघडायची. मुके जीव, बसून बसून आखडतील म्हणून! बडनेऱ्याच्या दिशेनं भरारी मारून, काकाजी यायच्या आत परत पिंजऱ्यात.

तशीच गेले काकाजींकडे. सगळं सांगितलं. म्हटलं, "काकाजी, काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

ते खाटेवरून उडालेच! "उडत होते? रोज?"

"रोज. चांगले दोन-दोन तास."

"अनुसये! आईकलं का वो? ते बसलेच नाई! काम सारखं, म्हणून चुली सारख्या! प्रयोग चुकला, मी नाई चुकलो! ऊठ, पाय काढ बाहेर!"

आतून काकू म्हणाल्या, "मले वाटलं, सुटली मी!" पण आवाजात हसू होतं.

खुंटीवरून त्यांनी पिशव्या काढल्या. दोन. एक काकूंना बांधून आले आणि ओसरीवर बसून दुसरी स्वतःच्या घोट्याला बांधू लागले.

"तुमाले कायले, काकाजी? तुमचा पाय तर धडधाकट हाये."

एकदा दाराकडे पाहिलं, मग गाठ मारता मारता हळूच म्हणाले, "अनुसया चालाले लागली तरी लंगडनच ना. मी आत्तापासून बजारात लंगडतो. लोकाइले हसाले एक माणूस लागते, सुमन. तो मी झालो का तिच्याकडे कोण पाहीन?"

संक्रांतीला काकू भिंत धरधरत आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. एका हातानं भिंत धरूनच तिळगुळाला दुसरा पुढे केला, पण पाय टेकला होता. मागून काकाजी, पिशवी बांधून, जरा जास्तच पाय ओढत. गल्लीतली पोरं हसली. हसली ती त्यांनाच.

बरं, चहा घे. आणि असं सहा सहा महिने लावू नको, लवकर ये. स्टँडवरून पायी ये मात्र. मी फाटकाशी उभी राहते.