आधी आलेली बातमी आधी

शनिवारी सकाळी टीव्हीवर पहिली बातमी सरकली आणि चंद्रप्रकाश कर्णिक खुर्चीवरून ताडकन उठले.

“आली! सुलक्षणा, आली गं!”

“कोण आलं?” सुलक्षणाबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

“बातमी!”

“ती रोज दाराखालून येते.”

“ती कालची असते. ही बघ, आपण होऊन आली!”

टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर त्यांच्या मुलीने, गार्गीने, सिनेमे पाहण्यासाठी घेऊन दिला होता. चंद्रप्रकाशांनी आठवडाभर खपून त्यावर फीड रीडर बसवला. उपनगरांच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटचा पत्ता त्यात घातला, की तिथली प्रत्येक बातमी आपोआप घरच्या टीव्हीवर हजर. या आठवडाभरात सुलक्षणाबाईंची संध्याकाळची मालिका पाच वेळा बुडाली होती. त्यामुळे त्यांनी मुदत घातली होती: रविवारपर्यंत या यंत्राचा घराला काही उपयोग दिसला नाही, तर सगळ्या वायरी काढून ते माळ्यावर जाईल.

यंत्र बसवताना चंद्रप्रकाशांनी दोन निर्णय घेतले होते. पहिला, अक्षरं मोठी करण्याचा. स्वयंपाकघरातून वाचता आली पाहिजेत, म्हणून ती इतकी मोठी केली की बातमीची तारीख पडद्याच्या कडेबाहेर गेली. दुसरा निर्णय क्रमाचा. यंत्राने विचारलं, नवीन आधी दाखवू की जुनं आधी? चंद्रप्रकाशांनी सारी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात केली होती. आधी आलेली फाइल आधी निघणार, या नियमापायी त्यांनी सख्ख्या साडूलाही रांगेत उभं केलं होतं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता ‘जुनं आधी’ निवडलं.

परिणामी टीव्हीवर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच्या बातम्या ओळीने सुरू झाल्या. हे कोणाला कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही नव्हतं. टोमॅटो महागले. अंधेरीत वाहनांच्या रांगा. भांडुपमध्ये नुकताच केलेला रस्ता पुन्हा खणला.

“हो की, खरंच खणलाय,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “कालच रिक्षावाला शिव्या घालत होता. चांगलं आहे हो हे.”

चंद्रप्रकाशांची छाती फुगली. तेवढ्यात पुढची बातमी आली: ‘मुलुंड पूर्वेत उद्या चोवीस तास पाणीपुरवठा बंद’.

मुलुंड पूर्व म्हणजे त्यांचाच भाग.

“पेपरात आहे का?” सुलक्षणाबाईंनी विचारलं.

चंद्रप्रकाशांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत चाळला. “नाही! कुठेच नाही! म्हणजे आपल्याला पेपरच्या आधी कळलं!”

“मग बघता काय? बादल्या काढा!”

बादल्या, पिंप, कुकर, इडलीपात्र, सगळं भरून झालं. मग चंद्रप्रकाशांनी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि खाली लिहिलं, ‘खात्रीलायक. स्वतःच्या यंत्रावर पाहिली.’ दावे विभागातला माणूस खात्रीलायक म्हणतो, म्हणजे प्रश्नच नव्हता. इमारतीच्या चारही मजल्यांवर एकदम नळ सुटले.

सोसायटीचा सेक्रेटरी प्रीतम सावंत धावत वर आला. “काका, लय भारी काम केलंत! पण खालच्या श्रुतिकाकडे उद्या बारसं आहे. पन्नास माणसं. वाट लागली ना!”

पहिल्या मजल्यावर श्रुतिकाच्या घरात त्या वेळी परिषदच भरली होती. तिच्या सासूबाई, रुक्मिणीकाकू, सावंतवाडीहून मुद्दाम आल्या होत्या.

“उद्या पाणी नाय, तर आजच करून टाकूया गो,” त्या म्हणाल्या.

“आई, आज कसं? घुगऱ्यांचे हरभरे अजून भिजवायचेत.”

“गरम पाण्यात घाल. संध्याकाळपर्यंत भिजतत.”

“आणि नाव? आत्या गोराईहून नाव घेऊन येणार उद्या!”

“तिका फोन कर. नाव काय पाण्यात भिजवूचा लागता?”

फोन गेले. आचाऱ्याने आधी नकार दिला, मग जास्त पैसे मागितले, मग येतो म्हणाला. चंद्रप्रकाश जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी पुन्हा सांगत होते. इतकं महत्त्व त्यांना निवृत्तीच्या समारंभातही मिळालं नव्हतं.

दुपारी गार्गी ऑफिसातून घरी आली. टीव्हीसमोर उभी राहून तिने दोन बातम्या वाचल्या आणि रिमोट घेऊन अक्षरं लहान केली.

“बाबा, ही तारीख बघितलीस?”

चंद्रप्रकाश चष्मा सावरत पडद्याजवळ गेले. तारीख गेल्या वर्षीची होती. महिनाही दुसराच.

“तू ‘जुनं आधी’ लावलंयस!”

“मग काय मागून आलेल्याला आधी घ्यायचं?”

“बाबा! ही बातमी आहे, रेशनची रांग नाही!”

चंद्रप्रकाश खिडकीशी गेले. खाली मांडव घातला जात होता. गोराईची आत्या निघाली होती.

“वायरी मी नंतर काढते,” सुलक्षणाबाई शांतपणे म्हणाल्या. “आधी खाली जा आणि सगळ्यांना खरं सांगा. नाहीतर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.”

ते चप्पल न घालताच जिना उतरले. अंगणात प्रीतम होता, शेजारी होते, रुक्मिणीकाकू होत्या. चंद्रप्रकाशांनी घसा साफ केला.

“मंडळी, एक चूक झाली आहे. उद्या पाणी जाणार नाही.”

“बरोबर,” प्रीतम म्हणाला. “उद्या नाही, आत्ताच गेलंय! पंप नुसता हवा ओढतोय. टाकीत थेंब नाही!”

“अरे, पण ती बातमी जुनी—”

“जुनी कसली, काका? नळ सोडून बघा ना! तुमच्या मशीनने सांगितलं म्हणून वाचलो आपण. बाकीच्या बिल्डिंगींना अजून पत्ता नाही!”

“टाकी आपणच रिकामी केली रे! सगळ्यांनी एकदम भरलं म्हणून!”

“भरला म्हणून तर आसा ना आता,” रुक्मिणीकाकू म्हणाल्या. “गुणाचो माणूस. स्वतःचा मोठेपणा घेणा नाय.”

टाळ्या पडल्या. चंद्रप्रकाश हात हलवून नको नको म्हणत राहिले. तो त्यांचा विनय ठरला.

संध्याकाळी आत्या आली, पाळणा सजला. आचाऱ्याला स्वयंपाकाला पाणी हवं होतं, म्हणून घरच्या-पाहुण्या सगळ्या बायकांनी पैठण्या नेसलेल्या असतानाच घराघरांतून भरलेले हंडे अंगणात आणले. प्रीतमने फटाफट फोटो काढले आणि एका पत्रकार मित्राला पाठवले. बाळाचं नाव श्रेयस ठेवलं गेलं. घुगऱ्या थोड्या कडक राहिल्या, पण तक्रार कोणी केली नाही.

जेवणं झाल्यावर चंद्रप्रकाशांना राहवेना. ते प्रीतमला आणि रुक्मिणीकाकूंना हाताला धरून घरी घेऊन आले. गार्गी, सुलक्षणाबाई, दारात आणखी चार शेजारी.

“आता डोळ्यांनी बघा,” ते म्हणाले. “हे यंत्र मी चुकीचं लावलं होतं. आता ‘नवीन आधी’ लावतो. यात पाण्याचं काही नसेल. मग तरी पटेल ना?”

त्यांनी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला. मग, तारखेसकट, आत्ताच आलेली पहिली बातमी सरकत आली: ‘मुलुंड पूर्वेत नळ कोरडे, संतप्त महिलांचा पैठण्या नेसून हंडा मोर्चा’.

खाली फोटो होता. सगळ्यात पुढे, डोक्यावर हंडा घेतलेल्या रुक्मिणीकाकू.

“अगो बाये, मी!” काकू ओरडल्या. प्रीतमने शिट्टी मारली. दारातले शेजारी टीव्हीपुढे घुसले.

“अहो, पण मोर्चा कुठे होता?” चंद्रप्रकाश केविलवाण्या आवाजात म्हणाले. “हे बारसं होतं! ही बातमीसुद्धा—”

“श्श!” सुलक्षणाबाईंनी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला. “डावीकडून तिसरी मी आहे. जरा थांबवता येतं का हो हे?”