सल्ला विलिकेसाचा, डबा माझा

एखाद्या जाणत्या माणसाला सल्ला विचारावा, असं मला स्वतःहून कधीच वाटलं नसतं. ते वाटलं लितियाला, म्हणजे माझ्या बायकोला.

"तोंड काय फक्त दालोचे कंद खायला दिलंय?" शिलाई मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली. "ऑफिसात एवढी मुरलेली माणसं आहेत. पुढे काय करू, असं विचार की एखाद्याला."

तिचं चुकत नव्हतं. (तिचं कधीच चुकत नाही. पंधरा वर्षं मी वाट बघतोय.) बोटीच्या तिकीट खिडकीवर मी दहा वर्षं काढली. मग तिकिटं मोबाइलवर निघायला लागली आणि खिडकीसकट मी बंद झालो. लितिया म्हणाली, ज्याने नोकरी खाल्ली तेच शीक. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी सुवातल्या, म्हणजे आमच्या फिजीच्या राजधानीतल्या, एका सरकारी ऑफिसात इंटर्न झालो. तीन महिन्यांनी मुलाखत. जमलं तर कायम, नाही तर घरी. तोवर घर लितियाच्या शिलाईवर चाललं होतं आणि मला त्याची मनातून लाज वाटत होती.

माझ्याबरोबरची दुसरी इंटर्न कालेसी, बावीस वर्षांची. तिने सरळ विलिकेसाला गाठलं. हा वीस वर्षं सर्व्हर सांभाळणारा माणूस. चहा संपेपर्यंत तिने त्याच्या सल्ल्याने वहीची दोन पानं भरली. दुसऱ्या दिवशी मी गेलो.

"बस," तो म्हणाला. "गाव कुठलं?"

मी सांगितलं. इथेच चुकलं.

"अरे, मग तू माझा तौवू."

त्याच्या आणि माझ्या गावाचा मूळपुरुष एक, म्हणून आम्ही तौवू. अशा गावांच्या माणसांनी एकमेकांची टर उडवायची, वस्तू पळवायच्या आणि समोरच्याने रागवायचं नाही, हा आमचा रिवाज. रागावलात तर गावाची अब्रू गेली. विलिकेसाने तिथल्या तिथे माझा डबा उघडला आणि नारळाच्या दुधातला मासा संपवला. (मीही रिवाज म्हणून त्याची छत्री पळवली. ती फाटकी निघाली.)

"आता सल्ला," बोटं चाटत तो म्हणाला. "सोमवारच्या मीटिंगआधीची प्रार्थना तू सांग. मॅडमना लांबलचक आवडते. एकेका यंत्राचं नाव घे."

मी अकरा मिनिटं प्रार्थना केली. सर्व्हरसाठी, राउटरसाठी, दुसऱ्या मजल्यावरच्या आजारी प्रिंटरसाठी. मध्येच एक डोळा उघडून पाहिलं, तर ऑफिसच्या प्रमुख तुइलोमा मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. त्यांना मंत्र्यांचा फोन यायचा होता, तो येऊन गेला. विलिकेसा मान खाली घालून गदगदत होता. लोकांना वाटलं, भक्तीने.

त्या दिवशी मी ठरवलं: विलिकेसा सांगेल त्याच्या उलट वागायचं. ते लागूही पडलं. "लिफ्ट दुरुस्त झाली, लिफ्टने जा," तो म्हणाला आणि मी जिन्याने गेलो. लिफ्ट अर्धा तास अडकली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याने माझा डबा न उघडता माझ्याकडे सरकवला. (तेव्हाच मला कळायला हवं होतं.)

"इसिकेली, आता मस्करी नाही. उद्या प्रोग्रॅमिंगच्या गप्पा मारू नकोस, तुला ते येत नाही. तिकीट खिडकीबद्दल बोल. बोट रद्द झाल्यावर तीनशे माणसं शांत केलीस ना, ते सांग. त्यांना तसाच माणूस हवाय."

मी मनातल्या मनात हसलो. आता मी फसणारा नव्हतो.

"आम्हाला मदतीच्या फोनवर बसायला माणूस हवाय," दुसऱ्या दिवशी तुइलोमा मॅडम म्हणाल्या. "लोक चिडून फोन करतात. चिडलेल्या माणसांची सवय आहे?"

"अजिबात नाही," मी छाती काढून म्हणालो. "माणसांशी माझं पटतच नाही. मी प्रोग्रॅमिंगवाला."

"कुठला प्रोग्रॅम लिहिलाय?"

"लिहायचा विचार आहे."

मॅडमनी माझा अर्ज पुन्हा वाचला. "मग दहा वर्षं तिकीट खिडकीवर कोण बसलं होतं?"

मला लितियाचं मशीन ऐकू यायला लागलं. आता हिला काय तोंड दाखवू?

"तुमचं गाव कुठलं?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं, आणि त्या खुर्चीत रेलून हसायला लागल्या. "विलिकेसाचे तौवू तुम्ही. त्याने खिडकीबद्दल बोलायला सांगितलं असणार, म्हणून तुम्ही ती लपवलीत."

मी मान हलवली. त्यांनी एक कागद पुढे केला. विलिकेसाने माझ्याबद्दल लिहून दिलं होतं: 'हा अत्यंत निरुपयोगी माणूस आहे. ठेवू नये.'

"काल हे वाचून मी काळजीत पडले होते," त्या म्हणाल्या. "पण तौवूने लिहिलंय, म्हणजे उलटंच वाचायचं. सोमवारपासून कायम. प्रार्थना मात्र दुसरं कोणी सांगेल."

मी धावत खाली गेलो. विलिकेसा माझाच डबा खात होता. मी त्याच्यासमोर बसलो.

"माझ्यासाठी तू मुद्दाम उलटं लिहिलंस..."

त्याचा घास थांबला. "उलटं? अरे, तीन महिन्यांत तेवढं एकच मी मनापासून लिहिलं होतं."

तो खरं बोलला की त्याने माझी टर उडवली, हे मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन लितियाला विचारलं. तिने मशीन थांबवून क्षणभर विचार केला, आणि सोमवारपासून दोन डबे द्यायला लागली. मोठा डबा विलिकेसाचा.

"माणसांची एवढी पारख असलेला माणूस," ती म्हणाली, "उपाशी राहता कामा नये."