बोट नेरवर, ठसा दिग्रसवर

"यवतमाळ जिल्ह्यात डोकं असलेले दोनच मानसं हायेत. एक मी. दुसऱ्याचा तपास सुरू हाये."

आमचे हे स्वतःची ओळख अशी करून देतात. नेरच्या बसस्थानकाजवळ आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पाटीवर ह्यांनी 'गुप्तहेर' हा शब्द मात्र सगळ्यांत मोठा रंगवून घेतलाय. मी त्यांची मदतनीस. पत्नीही आहे, पण तो जोडधंदा.

त्या मंगळवारी साडेचारला रंजिता आली, कडेवर चार महिन्यांचं लेकरू. नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म, शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. केंद्रांच्या यादीत तिनं 'नेर'वर बोट ठेवलं. निवडलं गेलं वरच्या ओळीतलं 'दिग्रस'.

"भाऊजी, लेकरू अंगावर पिते. दिग्रसले कशी जाऊ? माऊस द्या ना!"

"तो जप्त हाये."

टचस्क्रीन आल्यापासून माऊस तिच्यावर जळतो, हा ह्यांचा पहिला सिद्धांत. कीबोर्ड त्याचा साथीदार. दोघंही पिशवीत सीलबंद. दुसरा सिद्धांत, कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स परदेशी, त्याला आपले तालुके काय ठाऊक?

मी हळूच म्हटलं, "अहो, सकाळी तर बरोबर चाललं होतं."

"म्हंजे गुन्हेगार दुपारी येते!" ह्यांनी झाडणाऱ्या लालीबाईकडे रोखून पाहिलं.

"मी तं दहा वर्षांपासून दुपारीच येतो, साहेब," ती म्हणाली.

मग कॅलिब्रेशन. पडद्याच्या कोपऱ्यांत एकेक करून चार फुल्या उमटतात. त्यांवर नेमकं बोट ठेवायचं, म्हणजे कॉम्प्युटर बोटाची जागा शिकतो. आपले ठसे मिसळू नयेत म्हणून ह्यांनी हातमोजे चढवले.

"चार फुल्या! बदमाशानं नकाशाच देल्ला!"

तीनदा केलं. तिसऱ्यांदा नेर दाबलं तर केळापूर.

"हे तं अजून दूर गेलं, वहिनी," रंजितानं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. पावणेपाच. मी मनात जप धरला.

लालीबाईनं झाडू टेकवला. "बाई, तुमचं फूल काचीवर लोंबून राह्यलं." आणि उचललं.

पूजा झाली की रोज एक जास्वंद मी पडद्याच्या चौकटीवर खोचते. वाहिलेलं फूल दिवेलागणीपर्यंत काढायचं नाही, हा माझा नेम. सकाळी ते ताठ असतं. दुपारनंतर मान टाकतं, आणि पडद्याला वाटतं, वरून आणखी कोणी बोट ठेवलंय.

चार फुल्या पुन्हा दाबल्या, ह्या वेळी रंजितानं. नेर म्हणजे नेर. फॉर्म गेला तेव्हा पाचाला चार मिनिटं होती.

ह्यांनी वहीत नोंदवलं, 'आरोपी लाल वेशात होता. मी पहिल्यापासूनच ओळखून होतो.'

नेम मोडला म्हणून मी दुसऱ्या दिवशी उपास केला. फूल आता जप्तीतल्या माऊसवर वाहते. त्याला हात लावायची कोणालाच परवानगी नाही, तेव्हा दिवे लागेपर्यंत ते कोणी काढत नाही.