मॅडमसमोर न बिघडणारं मशीन

पोकलेन बंद पडलं तेव्हा त्याची मातीने भरलेली बकेट हवेतच लोंबकळत राहिली आणि केबिनमधल्या पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘इंजिनशी संपर्क नाही.’ खरं तर इंजिन ऑपरेटरच्या पाठीशीच होतं. पण हल्लीच्या मशीनमध्ये प्रत्येक भागाला आपापला छोटा संगणक असतो आणि सगळ्यांचं बोलणं चालतं ते पीळ घातलेल्या दोन बारीक तारांवरून. ते बोलणं तुटलं की एवढं मोठं धूड रुसलेल्या जावयासारखं बसून राहतं.

“बोलवा मॅडमना!” साइटचे साहेब ओरडले.

मॅडम म्हणजे असले बिघाड शोधणारी कंपनीची इंजिनियर, आणि ऑपरेटरची सून. घरी ती त्यांना ‘बाबा’ म्हणायची, ते तिला ‘सूनबाई’. साइटवर मात्र सासऱ्यांनीच नियम घातला होता. “नातं गेटच्या बाहेर ठेवायचं. सून आहे म्हणून लाड चाललेत, असं कोणी म्हणायला नको.” तेव्हापासून ते तिला इतक्या अदबीने ‘मॅडम, तुम्ही’ म्हणायचे की तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

माणूस मात्र अस्सल. बकेटच्या दाताने चहाच्या ग्लासावरची बशी उचलून शेजारी ठेवायचे, चहाला पत्ता लागायचा नाही. साइटवर त्यांना सगळे ‘कारागीर’ म्हणत, आणि ते काही उगाच नाही.

मॅडम पहिल्यांदा आल्या, सीटमागच्या सॉकेटला लॅपटॉप जोडला. मशीन सुतासारखं सरळ! सगळे संगणक एकमेकांशी गुण्यागोविंदाने बोलत होते. त्यांची पाठ वळली आणि भर दुपारी पोकलेन पुन्हा मुकं झालं. पुढच्या खेपेला पडदा बदलला. मग तारा सोलून तपासल्या. शेवटी इंजिनाचा संगणकच नवा घातला. दर वेळी तेच. मॅडम हजर तोवर मशीन गुणी बाळ, मॅडम गेल्या की ये रे माझ्या मागल्या.

“साहेब, मॅडमचा मोठा फोटो लावा केबिनमध्ये,” डंपरवाला म्हणाला. “काम फत्ते!”

साहेबांना हसू आलं नाही. “आज बिघाड सापडला नाही, तर हे मशीन परत जाईल. बदली मशीन येईल ते त्यांचा ऑपरेटर घेऊन. कारागीर, तुम्ही मग गेटवर बसा. सावली आहे तिथे.”

कारागिरांनी मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला. मशीन नवं कोरं आलं होतं तेव्हापासून दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागला नव्हता. सावलीचं नाव ऐकून एखाद्या माणसाचा चेहरा इतका पडलेला मॅडमनी कधी पाहिला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. त्या मुकाट्याने केबिनमध्ये चढल्या.

केबिनची नुसती भट्टी झाली होती. त्यांनी एसीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तरी काही नाही. मग त्यांनी लॅपटॉपसाठी सॉकेटकडे हात नेला आणि तिथेच थांबल्या. केबिनच्या कानाकोपऱ्यात धुळीचा थर होता, पण सॉकेटचं टोपण रोज हाताळलेल्या कडीसारखं चकचकीत! या सॉकेटला त्यांच्या लॅपटॉपशिवाय कोणी काही जोडत नाही, आणि त्या तर कधीमधीच येतात. मग हे रोज उघडतं कोण?

दुसरं कोणी असतं तर तिथेच आरडाओरडा केला असता. मॅडम शांतपणे खाली उतरल्या.

“कारागीर, आज लॅपटॉप लावत नाही. मी त्या खडीच्या ढिगामागे बसते. तुम्ही रोजचं काम करा. मी आलेच नाही असं समजा.”

“तुम्ही आलातच नाही, मॅडम,” कारागीर आज्ञाधारकपणे म्हणाले.

आणि खरंच विसरले. एकदा हात लिव्हरवर गेले की त्यांना जगाचं भान राहत नसे. चर सरळ रेषेत पुढे सरकत होता. ऊन डोक्यावर आलं. घाम डोळ्यांत उतरला. सवयीचा हात सीटखाली गेला आणि एक पंखा घेऊन वर आला, ट्रकवाले लावतात तसला. त्याला घरी बनवलेली पिन होती. ती त्यांनी सॉकेटात खुपसली, पंखा चेहऱ्याकडे वळवला, आणि पोकलेन गप्प!

मॅडम केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. कारागिरांनी पंखा झटकन पाठीमागे लपवला. पण तो चालूच होता. त्यांचा सदरा टम्म फुगला.

“द्या इकडे.”

पिन उघडल्यावर सगळं उलगडलं. पंख्याला वीज बरोबर मिळत होती, पण तारेचा केसाएवढा एक सुटा धागा बाहेर आला होता. पंखा वळवला की तो शेजारच्या बोलण्याच्या तारेला टेकायचा आणि सगळ्या संगणकांची बोलती बंद व्हायची. मॅडम येणार म्हटलं की कारागीर सॉकेट मोकळं करून ठेवायचे, म्हणजे चोराला सीटखाली बसवूनच पोलिसांना आत घ्यायचे.

“बाबा,” मॅडमनीच नियम मोडला, “एसी कधीपासून बंद आहे?”

“उन्हाळा लागल्यापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“तक्रार तुझ्याच टेबलावर आली असती, सूनबाई. लोक म्हणाले असते, सासऱ्याला गारवा हवा म्हणून सून धावली.”

“तुमच्या या लोकांपायी मी इंजिनाचा धडधाकट संगणक बदलला, बाबा!” तिला राग आला होता, हसूही येत होतं, आणि या म्हाताऱ्याचा अभिमानही वाटत होता.

कारागीर स्वतःच साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. “साहेब, बिघाड माझा. बसवा मला गेटवर.”

साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर चराकडे गेली. दोन्ही कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

“कामाला लागा,” ते शेवटी म्हणाले. “एसी दुरुस्त करून घ्या. पंखा मात्र जप्त!”

एसी त्याच दिवशी चालू झाला, आणि तोही असा की कारागीर भर उन्हात कानटोपी घालून बसू लागले. सूनबाईने दुरुस्त केलेला एसी बंद कसा करायचा?

थोड्याच दिवसांत डंपरवाला निरोप घेऊन आला. साहेबांच्या पत्र्याच्या ऑफिसातला वायरलेस सेट भर दुपारी खरखरतो, कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही. मॅडम ताबडतोब गेल्या. सेट अगदी स्वच्छ बोलत होता. टेबल लख्ख आवरलेलं होतं. साहेब ताठ बसले होते, पण टेबलाखाली त्यांचा पाय घरी बनवलेल्या पिनेचं काहीतरी हळूहळू मागे सरकवत होता.

दाराबाहेर कारागीर कानटोपी नीट करत आभाळाकडे बघत उभे होते. मॅडमनी बॅग उघडलीच नाही.

“साहेब, मी त्या खडीच्या ढिगामागे बसते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रोजचं काम करा. मी आलेच नाही असं समजा.”